जमिनीपासून चार बोटं

लोथार बियालासला लोक कंटाळवाणा म्हणायचे आणि खरं सांगायचं तर तो होताच. गाडीखालचं काम दहा मिनिटांचं असलं तरी गाडीखाली शिरायला त्याला पाऊण तास लागायचा. गॅरेजांच्या अंगणातले बाकीचे पुरुष तेवढ्या वेळात काम उरकून माझ्या टपरीवर बिअर घेऊन उभेही राहायचे. लोथारचा जमिनीचा उतार बघायचा पाणसळ तेव्हा कुठे पिशवीतून बाहेर निघालेला असायचा.

माझी टपरी कोपऱ्यावर आहे. पुढच्या खिडकीतून मी सिगारेट, वर्तमानपत्रं, बिअर आणि पोरांना सुट्ट्या गोळ्यांच्या पुड्या विकते. मागची खिडकी त्या अंगणात उघडायची. इकडे सहा गॅरेजं, तिकडे सहा, मध्ये सिमेंटची जागा. सात नंबर लोथारचं, बरोबर माझ्या खिडकीसमोर. त्यामुळे या माणसाला मी जेवढं बघितलं, तेवढं त्याच्या बायकोनेही बघितलं नसेल.

सोळाव्या वर्षी तो खाणीत उतरला, त्र्याहत्तर साली. गेल्सेनकिर्शेन शहराच्या या टोकाला तेव्हा दुसरं काही करायचं कोणाच्या डोक्यातही येत नसे. खाणीत त्याचं काम छताचं होतं. कोळसा काढला की वरचा दगड खाली यायला बघतो. तो येऊ नये म्हणून तेलाच्या दाबावर उभे राहणारे लोखंडी खांब लावायचे, पुढे सरकायचं, पुन्हा लावायचे. पस्तीस वर्षं त्याने तेवढंच केलं. त्याच्या तुकडीतला एकही माणूस छताखाली सापडून गेला नाही. लोथारची मात्र डाव्या हाताची करंगळी गेली आणि दोन्ही गुडघे गेले.

त्याच तुकडीत शाबान होता. शाबानचा बाप तुर्कस्तानातल्या झोंगुलडाकहून आला होता. तिथेही कोळशाच्याच खाणी, त्यामुळे पोराला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. लोथार कमी बोलायचा आणि शाबान दोघांच्या वाटचं बोलून घ्यायचा.

मान्टा नावाची गाडी लोथारने शहाऐंशी साली घेतली. पिवळी, दोन दारांची, लांब नाकाची. त्या काळी आमच्याकडे कामगाराच्या पोराला स्पोर्ट्स कार म्हणजे तीच. त्याने तिला आखूड स्प्रिंगा घालून खाली बसवली. बाकीच्यांनी स्प्रिंगा करवतीने कापल्या, लोथारने रीतसर सुटे भाग मागवले, तपासणी करून घेतली आणि कागदांवर शिक्का मारून आणला. गाडी इतकी खाली आली की हाताची चार बोटं आडवी धरली तर पाचव्याला जागा उरत नव्हती. वसाहतीच्या तोंडाशी रस्त्यावर उंचवटा बांधला तेव्हा लोथारला तिरका तिरका घेत एकेक चाक पलीकडे न्यावं लागायचं. शाबान शेजारी बसून पायी जाणाऱ्या म्हाताऱ्यांना हात करायचा, पुढे व्हा म्हणून.

मग मान्टावाल्यांवरच्या विनोदांची साथ आली. नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. सगळा देश हसत होता. मान्टावाला बिनडोक असतो, त्याची बाई केस कापायच्या दुकानात कामाला असते, असा त्या विनोदांचा साचा. एक मला अजून आठवतो. डॉक्टर म्हणतात श्वास घ्या, तर मान्टावाला विचारतो, कोणत्या गिअरमध्ये? आमच्या टपरीवर रोज नवा यायचा. लोथार असला तर सांगणारा आवाज खाली आणायचा, आणि तेच जास्त लागत असणार. त्याची बायको गुद्रुन खरोखरच केस कापायची. डोकं धुवायला वाकलेल्या गिऱ्हाइकांनी तिला दिवसाला तीन-तीन विनोद ऐकवले. सुरुवातीला ती हसायची. चौऱ्याण्णव साली ती म्युन्स्टरला निघून गेली, एका लाकूडसामानाच्या दुकानदाराबरोबर. जाताना टपरीवर आली होती. गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही, म्हणाली. तो घरी असला तरी घरात कोणी आहे असं वाटत नाही, एवढंच. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोथारने गाडीचं तेल बदललं.

ते तेल बदलणं कसं असायचं, ते सांगते. मी पुरेशा वेळा बघितलंय.

आधी जमीन झाडायची. एक खडा राहू द्यायचा नाही. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून लाकडी पाचरी. मान्टाचा हँडब्रेक मागची चाकं धरतो. म्हणजे मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग नाही, पाचर हाच काय तो आधार. हे तो ऐकणाऱ्याला दरवेळी सांगायचा, त्याने आधी दहादा ऐकलेलं असलं तरी. गाडीचं पोट इतकं खाली की चाकांवरचा जॅक आत जायचाच नाही. म्हणून खाणीतल्या ओकच्या फळ्या. गाडी हळूच त्यांच्यावर चढवायची, तेवढ्याने जॅकपुरती फट व्हायची. मग पंप. गाडी वर जाते तसा जॅक स्वतः थोडा पुढे सरकतो, त्याला सरकू द्यायचं, अडवायचं नाही. पुरेशी वर आली की दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या, त्यांच्या माथ्यावर लाकडी ठोकळा, आणि गाडी सावकाश त्या घोड्यांवर उतरवायची. जॅक नुसता टेकवून ठेवायचा. काढलेलं चाक दाराखालच्या पत्र्याच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवायचं, सगळं फसलंच तर गाडी चाकावर पडावी, माणसावर नको. शेवटी गाडीला कमरेने धक्का द्यायचा. एकदा नाही, दोनदा.

आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय खाली जायचं नाही. हा दुसरा माणूस म्हणजे शाबान. तो बिअरच्या उलट्या क्रेटवर बसायचा, सूर्यफुलाच्या बिया फोडायचा आणि गाडीखालच्या लोथारच्या बुटांशी गप्पा मारायचा. बूट फारसं उत्तर देत नसत.

एकदा नऊ नंबरचा माणूस नुसत्या जॅकवर गाडी उचलून एकटाच खाली शिरला होता. लोथारने खिडकीशी कॉफी घेता घेता बघितलं. ओरडला नाही, खालचा माणूस दचकेल म्हणून. कप ठेवला, स्वतःची घोडी उचलली, गुडघे दुखत असताना जवळजवळ धावत गेला आणि आवाज न करता ती गाडीखाली लावली. मग त्या माणसाच्या बुटाला पायाने टोचलं. तो बाहेर आल्यावर लोथारने त्याच्या थोबाडीत मारली. त्याला हात उचलताना मी तेवढंच एकदा बघितलं. नंतर त्याला माझ्याकडे आणून बिअर पाजली.

अडचण जमिनीचीच होती. आमच्या इथे जमीन खाली जाते. खालून कोळसा काढला की वरचं सगळं हळूहळू बसतं, घरं कलतात, दारं अडकतात. माझ्या टपरीतली बरणी दर दोन वर्षांनी आपोआप फळीच्या कडेला येते. सात नंबरचं गॅरेज मागे डावीकडे कलत होतं. लोथार पाणसळ लावून दरवर्षी भिंतीवर खडूने खूण करायचा आणि गरज पडली की डावीकडच्या घोडीखाली आणखी एक लोखंडी पत्रा वाढवायचा, घोडी सरळ उभी राहावी म्हणून. एकोणनव्वद साली तो आणि शाबान याच अंगणाच्या खालून कोळसा काढत गेले होते, नऊशे मीटर खोलवर. कितव्या आठवड्यात ते सात नंबरच्या बरोबर खाली होते, तेही त्याने हिशेब करून काढलं होतं. तक्रार करायची कोणाकडे, म्हणायचा, खणणारा मीच.

दोन हजार आठ साली खाण बंद झाली. लोथार एक्कावन्नचा होता. खाणकामगारांना लवकर पेन्शन मिळते, पोटाची चिंता नव्हती. पण सकाळी उठून करायचं काय, हे त्यांच्यापैकी कोणाला आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. लोथार आणि शाबानने मान्टा हाती घेतली. सहा वर्षं, आठवड्यातून तीन दिवस. तिच्यात नसलेले दोषही त्यांनी शोधून दुरुस्त केले. गाडी घेतल्यापासून दर दोन वर्षांनी तिच्या पोटाला गंज चढू नये म्हणून लोथार डांबरासारखा काळा लेप द्यायचा, जाड, दोन हातांचा. गाडी फारशी चालवतही नसत. रविवारी एकदा कालव्यापर्यंत जाऊन यायचे.

दोन हजार चौदामध्ये शाबानच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार यंत्रावर. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. इस्पितळाचे दोघे जण खुर्चीतून उतरवायचे आणि खुर्चीतूनच वर चढवायचे. त्याशिवाय खाली येणं बंद. लोथारच्या गुडघ्यांना दुसरा मजलाही जमत नव्हता. दोघांच्या दारांमध्ये चालत सात मिनिटांचं अंतर. एकाला उतरता येईना, दुसऱ्याला चढता येईना. तीन वर्षांत त्यांची भेट झाली ती चार वेळा, इस्पितळाच्या गाडीत शाबानला बसवत असताना, फुटपाथवर. त्या माणसांना घाई असायची. बाकी फोन. रोज अकराला लोथार त्याला फोन लावायचा, आणि मग अर्धा तास शाबानच बोलायचा.

त्या तीन वर्षांत लोथार एकदाही गाडीखाली गेला नाही. बाहेर बसायला माणूस नव्हता.

सतरा सालच्या एप्रिलमध्ये वसाहतीच्या मालकांचं पत्र आलं. गॅरेजं पाडणार, जूनअखेर रिकामी करा. बहुतेकांनी खांदे उडवले. त्यांच्या गाड्या रस्त्यावरच असायच्या, गॅरेजात जुनी सोफ्याची खुर्ची आणि ख्रिसमसचं झाड. लोथारची गोष्ट वेगळी होती. मान्टाची तपासणीची मुदत संपलेली. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही, नगरपालिका उचलून नेते. तपासणीला न्यायची तर मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी बदलायला हवी होती, ती गंजली होती. म्हणजे गाडीखाली जाणं आलं.

तीन आठवडे त्याने काही म्हटलं नाही. मग एका सकाळी कॉफी घेतल्यावर कप हातात फिरवत उभा राहिला.

"रेनाटे, मंगळवारी तू टपरी तासभर बंद ठेवशील का?"

"कशाला?"

"बाहेर बसायला."

आईच्या अंत्यसंस्काराचा दिवस सोडला तर मी टपरी दिवसा कधी बंद ठेवलेली नाही. हो म्हटलं. मंगळवार त्याने मुद्दाम निवडला होता, शाबान त्या दिवशी घरी असायचा. माझ्या मोबाइलवरून त्याला फोन लावून, आवाज मोठा करून, तो फोन क्रेटवर ठेवायचा असं ठरलं. मी कुठे बसणार, विचारलं तर लोथारने घरून माझ्यासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली होती. उशीसकट.

दहाला सुरुवात झाली. लोथारने झाडलं. फोनमधून शाबान विचारत होता, आता काय करतोय.

"पाणसळ लावलाय," मी सांगितलं.

"लावू दे. तीस वर्षं त्या बुडबुड्याकडे बघतोय. बुडबुड्याला पेन्शन द्या म्हणावं."

लोथार हसला नाही, पण कान लाल झाले. मग त्याने पुढच्या चाकांना पाचरी ठेवल्या, पण सैल. गाडी चालू केली. एवढ्या दिवसांनी चालू झाली ती पहिल्याच फटक्यात, आणि त्या वेळी त्याच्या तोंडावर जे आलं ते मी गुद्रुन असतानाही कधी बघितलं नव्हतं. मागची चाकं फळ्यांवर चढवली, खाली उतरला, पाचरी घट्ट मारल्या. चाकांचे नट आधीच सैल करून घेतले, गाडी वर असताना जोर लावायला नको म्हणून. हे सगळं तो हळू आवाजात बोलत करत होता आणि फोनमधून शाबान हं, हं म्हणत होता. खाणीत ते असंच करायचे म्हणे, एकाने सांगायचं, दुसऱ्याने हं म्हणायचं. हं आला नाही तर थांबायचं.

जॅक मागच्या आसाच्या मधल्या गोळ्याखाली गेला. पंप मारताना लोथारला दर चार हातांना थांबावं लागत होतं, श्वासासाठी. छातीतून शिट्टी वाजत होती.

"दम लागलाय का रे?" शाबानने विचारलं.

"नाही."

"रेनाटे, लागलाय ना?"

"लागलाय."

"मग बस म्हणावं पाच मिनिटं. गाडी कुठे पळत नाही. तिला पळायला येत असतं तर गुद्रुनच्या आधी पळाली असती."

मी लोथारकडे बघितलं. तेवीस वर्षांत ते नाव कोणी त्याच्यासमोर घेतलं नव्हतं. लोथार जॅकचा दांडा धरून उभा होता. तो हसत होता, खोकत खोकत.

गाडी वर आली. उंबऱ्याखाली उजवी घोडी लागली, डावी घोडी लागली. डावीकडे खाली आता सात पत्रे होते. जॅक इंच इंच उतरवला, वजन घोड्यांवर आलं. चाकं काढून दोन्ही बाजूंना उंबऱ्याखाली आडवी सरकवली. लोथारने चटई अंथरली, ब्रेकची नवी नळी आणि पाने शेजारी मांडले. चष्मा पुसला. मग धक्का द्यायला गेला. उजवीकडून दोनदा, काही नाही. डावीकडून एकदा, काही नाही.

दुसऱ्या धक्क्याला आवाज आला. मोठा नाही. वाळका पाव मुठीत चुरगाळावा तसा. डाव्या घोडीचा माथा ठोकळ्यासकट उंबऱ्याच्या आत गेला, मानेपर्यंत, आणि गाडी त्या बाजूला कलंडून आडव्या चाकावर जाऊन बसली. धूळ उडाली.

"काय झालं?" फोनमधून शाबान. "लोथार? कोण आहे खाली?"

"कोणी नाही," लोथार म्हणाला. "बसली."

"तू कुठे आहेस?"

"उभा आहे."

शाबानने श्वास सोडला तो क्रेटवरून मला ऐकू आला. मी म्हटलं, देवाची कृपा, तू खाली नव्हतास. लोथारने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. कृपेचा संबंध नव्हता. सगळं नियमाने केलं होतं, नियमाने व्हायचं तेच झालं होतं.

त्याने जॅक पुन्हा वर घेतला, गाडीला सरळ केलं, मग गुडघ्यांवर बसून पेचकसाने उंबरा टोचला. काळा लेप वरून गुळगुळीत, अख्खा. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याला ओला तपकिरी भुगा चिकटलेला. चारही कोपरे त्याने टोचून बघितले. मागचे दोन्ही गेलेले, पुढचा डावा जायच्या बेतात. उजवा पुढचा तेवढा टणक.

नंतर त्याने मला समजावून सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. उंबऱ्याच्या पोकळीत पाणी शिरतंच, ते बाहेर पडायला खाली छोटी भोकं असतात. दर दोन वर्षांनी लेप देताना त्याने ती भोकं बुजवली होती. आणि गॅरेज मागे डावीकडे कललेलं, म्हणून सगळं पाणी त्याच कोपऱ्यात साचत राहिलं. वीस-पंचवीस वर्षं.

"म्हणजे तू तिच्याकडे दुर्लक्ष केलं असतंस तर..." मी म्हणायला गेले आणि थांबले.

"टिकली असती," तो म्हणाला.

फोनवर शाबान अजून होता. त्याने एवढंच विचारलं, वेल्डिंग होईल का. लोथार म्हणाला, वेल्डिंग करायला उचलावी लागेल. आणि उचलायला धरायचं कुठे?

तरी त्याने प्रयत्न केला. फोटो काढून दोन कारखान्यांत दाखवले. एकाने सरळ नाही म्हटलं. दुसरा भला होता. जमेल म्हणाला, खालचं जवळजवळ सगळं नवीन करावं लागेल, नोव्हेंबरात घेतो. जूनमध्ये गॅरेजं जाणार होती. पाच महिने कुठे ठेवायची म्हणून लोथारने आसपासची सगळी गॅरेजं विचारली. मीही ओळखीत विचारलं. वाट बघणाऱ्यांच्या याद्या वर्षावर्षाच्या. वसाहतीच्या मालकांना त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, मुदत मागितली. छापील उत्तर आलं, त्यात त्याचं आडनाव चुकलेलं होतं.

भंगारवाला सत्तावीस जूनला आला. लोथारने चाकं परत लावून ठेवली होती, हवा भरून. त्या माणसाला तो सांगत राहिला, दोर पुढच्या आडव्या पट्टीला बांधा, उंबऱ्याला नको. भंगारवाल्याने मान डोलावली आणि हाताला आलं तिथे आकडा घातला. गाडी ट्रकवर चढताना पत्रा फाटल्याचा आवाज आला. लोथार तोवर माझ्या पुढच्या खिडकीकडे आला होता. त्याने एक वर्तमानपत्र मागितलं, जे त्याने सकाळीच नेलं होतं. मी दुसरं दिलं.

जुलैत गॅरेजं पाडली. तिथे घरं बांधणार होते, अजून नुसती खडी आहे.

जॅक, चार घोड्या, फळ्या, पाचरी, पत्रे हे सगळं लोथारने आपल्या तळघराच्या कोठीत नेऊन ठेवलं होतं. पुढल्या वर्षी मार्चमध्ये तो एक कागद घेऊन आला. बुटका जॅक आणि घोड्या फुकट मिळतील, कसं वापरायचं ते समक्ष दाखवण्यात येईल, असं लिहिलेलं. खाली कात्रीने कापलेल्या पट्ट्या, प्रत्येकीवर त्याच्या घरचा फोन नंबर. मी तो टपरीच्या काचेवर चिकटवला. रोज सव्वादहाला कॉफी घेताना तो पट्ट्या मोजायचा. दहा होत्या, दहाच राहिल्या. आता लोक गाडीचं झाकणही उघडत नाहीत, मी म्हणायचे. तो म्हणायचा, कोणीतरी असतो.

सहा आठवडे झाले. ते मोजणं मला बघवेना. एका सोमवारी सकाळी तो यायच्या आधी मी एक पट्टी फाडून खिशात टाकली.

तो आला, बघितलं, पुन्हा बघितलं. कॉफी न घेता घरी गेला.

मंगळवारी आला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी शाबानचा मला फोन आला. लोथारला काय झालंय, विचारत होता. रोजचा अकराचा फोन बंद. शाबानने स्वतः लावला तर लोथार दोन मिनिटांत ठेवून देतो, म्हणतो लाइन मोकळी ठेवायचीय, फोन यायचाय. कोणाचा फोन यायचाय त्याला?

मी त्याला खरं सांगितलं. शाबान गप्प राहिलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"मी जाऊन सांगते त्याला," मी म्हटलं.

"नको," शाबान म्हणाला. "तूच फाडलीस हे कळलं तर तुझ्याकडे यायचा बंद होईल. मग कुठे जाईल?"

शुक्रवारी सव्वादहाला लोथार आला. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. कोणी जॅक न्यायला घरी आलंच तर म्हणून असेल. कॉफी घेतली. फोन काही आला नाही, म्हणाला. कागद हरवला असेल बिचाऱ्याकडून, एवढीशी पट्टी, खिशात राहते, धुण्यात जाते.

"हरवला असेल," मी म्हटलं.

त्याने काचेवरच्या कागदाकडे बघितलं. आकडे बारीक झालेत, म्हणाला, त्याच्या हाताला आता मोठं लिहिता येत नाही. मी नवा लिहून देईन का?

मी जाड पेन घेतला आणि तो एकेक आकडा सांगत गेला.